मूळ हा पत्ता, ओळख नव्हे

पिकावर पांढरं, पिठासारखं, चिकट काही दिसलं की आपण एकच नाव घेतो: मिलीबग. पुस्तकी मराठीत पिठ्या ढेकूण. उसाच्या पाचटाखाली तो, द्राक्षाच्या घडात तो, दारातल्या जास्वंदीच्या शेंड्यावरही तोच. जुन्नर-आंबेगावकडे ही तिन्ही झाडं बऱ्याचदा एकाच बांधाच्या आजूबाजूला असतात. त्यामुळे एका नावावरून भांडण व्हायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे ते झालं. नारायणगावजवळ आमची बाग, बांधापलीकडे चुलत्यांचा ऊस. गेल्या थंडीत घडांमध्ये मिलीबग शिरला. असे घड व्यापारी हातात धरत नाही, आणि द्राक्षाचं पीक वर्षाला एकदाच येतं. वडील म्हणाले, "उसातूनच आलंय हे." उसातला किडा चिरडला तर लाल, बागेतला चिरडला तरी लाल. त्यांना तेवढा पुरावा पुरला. दोन घरांचं बोलणं बंद झालं.

मी हिंजवडीत कोड लिहितो. दोन एरर सारखे दिसले म्हणून बग एकच, असं आम्ही धरत नाही. सुट्टीत वेलींची सैल साल सोलली, बुडाची माती उकरली. खाली मुंग्यांची रांग आणि मुळांना चिकटलेले पांढरे ठिपके. "हा मुळावरचा, तिसराच," वडील म्हणाले. ऊस, घड, मुळं, जास्वंद अशा चार ठिकाणचे किडे स्पिरिटच्या बाटल्यांत भरून कीटकशास्त्र शिकलेल्या मित्राकडे दिले.

मिलीबगची ओळख रंगावरून पटत नाही. मादीची काचपट्टी करून शृंगिकांचे खंड आणि मेण स्रवणाऱ्या छिद्रांची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. उसातला निघाला सॅकॅरिकॉकस सॅकराय. तो मुख्यतः ऊस आणि गवतवर्गीय झाडांवर जगतो. उरलेल्या तिन्ही बाटल्यांत एकच होता: मॅकोनेलिकॉकस हिरसुटस. १९०८ मध्ये ग्रीन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं ते भारतातल्या नमुन्यांवरून. इंग्रजीत त्याच्या नावातच जास्वंद आहे.

म्हणजे मुळावर सापडला म्हणून तो 'मुळावरचा मिलीबग' ठरत नाही. तसे किडे खरंच आहेत, जन्मभर मातीत राहणारे. आधी ते नेहमीच्या मिलीबगच्या कुळातच मोजायचे. २०१२ मध्ये हॉजसन यांनी प्रौढ नरांची तुलना केली आणि रायझोएसिडी हे वेगळं कूळ मान्य केलं. उलट, कापसाच्या शेंड्यांवर २००५ नंतर धुमाकूळ घालणारा फिनॅकॉकस सोलेनॉप्सिस १८९८ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला तो न्यू मेक्सिकोत, मुंग्यांच्या वारुळात, झाडाच्या मुळांवर. पत्ता बदलतो, किडा तोच राहतो.

आमच्यासाठी याचा अर्थ सरळ होता. नुसतं मुळाशी औषध ओतून भागणार नव्हतं, आणि ऊस मोडूनही काही साधणार नव्हतं. ऑक्टोबर छाटणीनंतर सैल साल काढून जाळली, मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडांना चिकट पट्ट्या बांधल्या, मिलीबग खाणारे क्रिप्टोलीमस भुंगेरे सोडले. जास्वंद छाटताना आई हळहळली.

वडिलांनी चुलत्यांची माफी वगैरे मागितली नाही. पण यंदाच्या पहिल्या तोडणीला एक क्रेट बाजूला काढून म्हणाले, "हा पलीकडं देऊन ये."