राणीच्या बागेतून मैदानाकडे

मे महिना संपत आला की चाळीतल्या माणसाचे डोळे दोन गोष्टींकडे लागतात. एक आभाळाकडे आणि दुसरे शाळेच्या खर्चाकडे. मृगाला अजून आठ-दहा दिवस असतात, पत्र्याखाली जीव शिजत असतो आणि मुले सुट्टीला कंटाळून गॅलरीत भांडत असतात. अशाच एका रविवारी आम्ही घरची पाच माणसे बाहेर पडलो. आम्ही दोघे, आई, दहावीत जाणारी थोरली आणि सातवीतला धाकटा. आधी भायखळ्याची राणीची बाग आणि ऊन उतरल्यावर फोर्टातले मैदान, एवढाच बेत होता. पण त्या एका दिवसात आमच्याच घराविषयी जे कळले, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

निघण्यापूर्वी आईने नेहमीप्रमाणे गॅलरीतल्या झाडांना पाणी घातले. आमची बाग म्हणजे रंगाचे रिकामे डबे आणि एक फुटके पिंप. पिंपात कढीलिंब, डब्यांत मोगरा, गवती चहा आणि कोरफड. ही सगळी वडिलांची लावणी. वडील म्युनिसिपालिटीच्या बागखात्यात माळी होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण त्यांचे नियम घरात अजून चालतात. उन्हाळ्यात झाडाला पाणी ऊन चढायच्या आत घालायचे. तांदूळ धुतलेले पाणी मोरीत सोडायचे नाही, कुंडीत ओतायचे. मातीवर वाळक्या पाल्याचा थर ठेवायचा, म्हणजे ओल टिकते. ते म्हणत, "झाडाला तहान लागल्यावर धावू नका, त्याच्या आधी उठा."

राणीच्या बागेत वडिलांनी काही वर्षे काम केले होते. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया गार्डन होते. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव मिळाले, पण कामगार वस्तीच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. आता तिथे २०१६ साली आणलेले पेंग्विन आहेत आणि रविवारी त्यांच्यासाठी रांगा लागतात. धाकट्याने अर्थातच आधी तिकडे ओढून नेले. काचेपलीकडच्या गारव्यात ते पक्षी पोहत होते आणि काचेअलीकडे आपली घामेजलेली माणसे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होती. पाहण्यासारखे आहे, यात शंका नाही. पण आईला पेंग्विनचे काही नव्हते. ती म्हणाली, "मला झाडांकडं न्या."

आईला शाळा फारशी लाभली नाही, पण झाडे तिला वडिलांनी शिकवली. कैलासपतीपाशी तिने मुलांना थांबवले आणि दाखवले की या झाडाची फुले फांदीच्या टोकाला नाही, थेट खोडातून येतात. फळ तोफेच्या गोळ्यासारखे गोल आणि जड. गोरखचिंचेचे अवाढव्य खोड पाहून धाकट्याने मिठी मारून पाहिली. हात अर्ध्यावरही पोचले नाहीत. हे झाड मूळचे आफ्रिकेचे. वर्षाचा बराच काळ ते निष्पर्ण असते, खोडात पाणी साठवून दिवस काढते. पुढे ताम्हण जांभळ्या फुलांनी भरले होते. हे आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल, आणि ते फुलते कधी तर ऐन उन्हाळ्यात. आई म्हणाली, "तुझे बाबा म्हणायचे, ताम्हण आपल्या लोकांसारखं आहे. चटका बसल्याबिगर फुलत नाही."

एका बाकावर आम्ही डबा सोडला. चपाती, सुकट आणि कैरीची चटणी. थर्मासमधला चहा ओतताना एक कप हातातून निसटला आणि त्याचा कान तुटला. आईने तो न बोलता उचलला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकून आली. थोरली म्हणाली, "आजी, नुसता कानच तुटला होता ना!"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात टवका उडालेला किंवा कान तुटलेला कप वडिलांनी कधी ठेवला नाही. पगाराला चार दिवस असले आणि घरात दुसरा कप नसला तरी ते तो फेकून देत. आम्हाला लहानपणी याचे नवल वाटे. अंगारे-धुपारे, शकुन-अपशकुन यांवर ज्यांनी आम्हाला कधी विश्वास ठेवू दिला नाही, ते फुटक्या कपाला का घाबरतात? विचारले तर म्हणत, "घरात नको." एवढेच.

त्या दिवशी आईने कारण सांगितले. वडील गावाहून मुंबईत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. म्युनिसिपालिटीत चिकटण्यापूर्वी शहरातल्या एका क्लबाच्या मैदानावर त्यांनी दोन मोसम रोजंदारीवर काम केले. पहाटे गवत कापायचे, खेळपट्टीवर पाणी मारायचे, ती थोडी सुकली की चौघांनी मिळून रोलर ओढायचा. काम झाल्यावर चहा मिळे. बाकीच्यांना स्वयंपाकघराच्या दारात, वडिलांना कुंपणापाशी. त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला. तो कुंपणाच्या झाडीत ठेवलेला असे आणि प्यायल्यावर स्वतः विसळून तिथेच ठेवायचा. "दोन वर्सं त्या कपात प्यायले," आई म्हणाली. "लग्नानंतर मला एकदाच सांगितलं. म्हणाले, पोरांना सांगू नको, ती मान खाली घालतील."

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग थोरलीने विचारले, "आजोबा त्या मैदानावर कधी खेळले का?"

आई हसली. "रोलर ओढणाऱ्याला कोण खेळवतंय बाळ?"

तेव्हा आम्हाला एका माणसाची आठवण झाली आणि बसने फोर्टाकडे जाताना आम्ही मुलांना त्याची हकीकत सांगितली. तीच इथे थोडक्यात देतो.

पालवणकर बाळू यांचा जन्म चर्मकार कुटुंबातला, १८७६ सालचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत पुण्याला होते. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळ शिकले. बाळूंनी आधी पारशांच्या एका क्रिकेट क्लबात दरमहा ३ रुपयांवर आणि १८९२ च्या सुमारास पूना क्लबात ४ रुपयांवर नोकरी धरली. काम काय? खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी लावणे. म्हणजे आमच्या वडिलांचेच काम. सरावात साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांचा डावरा हात असा तयार झाला की ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज, आपल्याला बाद केले की बाळूंना आठ आणे देई असे सांगतात. क्लबात त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली, पण बॅट हाती घ्यायची संधी मिळाली नाही.

पुढे हिंदूंच्या संघाला इंग्रजांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंवाचून भागेना. मैदानावर सगळ्यांचा हात लागलेला चेंडू तोच. पण चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडूंना आत कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीचे भांडे, वापरून टाकून द्यायचे. हे ऐकून धाकटा म्हणाला, "आजोबांसारखंच!" आम्ही म्हटले, "हो. आणि दोघांमध्ये साठेक वर्षांचं अंतर आहे, हे ध्यानात ठेव."

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता आणि धाकटे भाऊ शिवराम हेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या वेळी बाबासाहेब वीस वर्षांचे होते आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. तरुण बाबासाहेबांना बाळूंविषयी मोठा आदर होता. असणारच. गुण जन्मावर नसतात, हे बाळूंनी भाषण न करता चेंडूने सिद्ध केले होते.

तरीही कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर झाले. शेवटी १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली संघ जिंकला. थोरल्या भावाने रोलर ओढला होता, त्याच्या धाकट्या भावाच्या हुकमावर आता सवर्ण खेळाडू मैदानात जागा घेत होते.

बसमध्येच सौभाग्यवतींनी एक प्रश्न केला आणि तो योग्य होता. "पण हेच बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभे राहिले होते ना?" हो. १९३७ साली, याच भायखळा-परळ मतदारसंघात. बाळू काँग्रेसकडून उभे होते. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. त्याआधी १९३२ च्या वादातही बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या बाजूचे नव्हते. मोठा मतभेद होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आपल्या वस्त्यांत त्यांचे नाव मागे पडले त्याचे हे एक कारण असावे. आम्हाला मात्र वाटते की राजकारणात त्यांची वाट आपली नव्हती म्हणून त्यांनी मैदानावर गाळलेला घाम परका होत नाही. १९५५ साली ते वारले. आज आपल्या मुलांना प्रत्येक क्रिकेटपटूच्या धावा पाठ असतात, पण हे नाव विचारले तर ती गप्प होतात. हा दोष मुलांचा नाही, आपला आहे.

ऊन उतरता उतरता आझाद मैदानाला पोचलो. एकाच वेळी इतके सामने चालू होते की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा होता. पलीकडे बॉम्बे जिमखान्याचे हिरवेगार मैदान. १९०६ चा विजय याच मैदानावरचा, आणि भारतभूमीवरची पहिली कसोटीही डिसेंबर १९३३ मध्ये इथेच झाली. आम्ही कुंपणाबाहेरच्या फुटपाथवरून पाहिले. आत एक माणूस पाईप धरून गवतावर पाणी मारत होता. आई त्याच्याकडेच बघत उभी राहिली. खेळाडूंकडे तिचे लक्ष नव्हते. म्हणाली, "सांजच्याला मारतोय पाणी. बरोबर करतोय."

आता आमच्या घरातली खरी गोष्ट. थोरली आठशे मीटर धावते. शाळेच्या स्पर्धेत तिने दोनदा बक्षीस आणले. तिच्या वहीच्या आतल्या बाजूला दोन कात्रणे चिकटवलेली आहेत. एक नाशिकजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतचे. आदिवासी पाड्यावरची ही मुलगी, तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. दुसरे कात्रण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे. शेतकऱ्याचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, तोही महार रेजिमेंटमध्ये, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन आला. सोनेरी पदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले.

पण दहावीचे वर्ष, पहाटेचा सराव, स्पाईकच्या बुटांचा खर्च आणि शेजाऱ्यांचे बोलणे. "मुलीच्या जातीला धावून काय करायचंय?" असे म्हणणाऱ्यांत आपलेही लोक असतात. यंदा धावणे बंद, असे आम्ही दोघांनी मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवले होते. तिला सांगायचे तेवढे बाकी होते.

त्या संध्याकाळी कुंपणाला धरून ती उभी होती. वळून म्हणाली, "पप्पा, आजोबांनी मैदान तयार केलं, पण आत कुणी घेतलं नाही. मला तर सर स्वतः बोलावतात. मग मी का नाही जायचं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर आईनेच दिले. "पहाटेचं मी येते तुझ्याबरोबर. कट्ट्यावर बसेन. मला तशीही झोप नसते. पण आल्यावर पुस्तक उघडायचं, सांगून ठेवते." शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. तो मोडून धावायचे नाही, हे थोरलीनेही कबूल केले. बूट दोन हप्त्यांत घेऊ. दिवाळीत टीव्ही बदलणार होतो, तो राहील.

वाचकहो, मे महिन्यात मुलांना घेऊन लांब कुठे जायला आपल्याजवळ पैसे नसतात. पण जवळच्या बागेत, जवळच्या मैदानावर घरच्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा. त्यांच्या पोटात काय काय दडलेले असते. आम्हाला आमच्या वडिलांचा कप त्यांच्या माघारी सापडला. आमच्या मुलांनी तो ऐकून मान खाली घातली नाही. वडिलांना एवढेच सांगता आले असते तर बरे झाले असते.

जूनच्या पहिल्या सोमवारी पहाटे पाच वाजता आई उठली. आधी तिने कढीलिंबाला पाणी घातले. मग नातीला हाक मारली.