पाच फूट एक इंचावरून

माझी उंची पाच फूट एक इंच. शिरूरला फोटोचा धंदा सुरू केला तेव्हा घोडनदीच्या बाजारात लोक तोंडावर विचारायचे, "एवढासा गडी तू, तुझ्या फोटूत आमची डोकी मावतील का रं?" फोटोवाला म्हणजे उंचापुरा, लांब केसांचा माणूस, असं सिनेमावरून लोकांच्या मनात बसलेलं. मी लग्नाच्या मांडवात शिरलो की वऱ्हाडी माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत फोटोवाल्याला शोधायचे.

माझ्याकडं जुनी, दोन भिंगांची यशिका होती. ह्या जातीचा कॅमेरा जर्मनीच्या रोलायफ्लेक्सनं १९२९ साली जगभर गाजवला. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फोटो उतरायचा. कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. काचेत उजव्याचं डावं दिसे; बैल डावीकडं निघाला की चित्रातला उजवीकडं चालायचा. एका रिळात बारा चौकोनी फोटो, म्हणून बटण दाबण्याआधी बाराही वेळा विचार करावा लागे. ह्या कॅमेऱ्यानं माझी लाज राखली. उंच माणसाचं पोट आणि माझं पोट ह्यात फार तर पाच-सहा इंचांचं अंतर! गर्दी पुढं आली तर मी यशिका उलटी करून दोन्ही हातांनी डोक्यावर धरी आणि खालून काचेत बघे. लोक हसत, पण मंगलाष्टकाचे फोटो साधत.

आता ह्यातलं गणित सांगतो, कारण आज घरोघर मोबाईल आहे आणि ते सगळ्यांच्याच कामाचं आहे. समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा कॅमेरा एक फूट वर असेल आणि आपण चार फुटांवर उभे असू, तर नजर सुमारे १४ अंश खाली झुकते. बारा फूट मागं सरलात तर तोच झुकाव पाच अंशांच्या आत येतो. म्हणजे उंचीचा दोष अर्धाअधिक अंतरानं जातो. जवळून आणि वरून फोटो काढला की डोकं भोपळ्याएवढं, पाय काडीएवढे. जवळून आणि खालून काढला की पाय लांब, हनुवटी जड आणि नाकपुड्या आधी दिसणार. पुढाऱ्यांना खालून काढलेला फोटो आवडतो, हे मला पहिल्याच निवडणुकीत कळलं.

लग्नात उंचीची भानगड फार. नवरी नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच असली की दोन्हीकडच्या आया माझ्याकडं डोळे लावून बसत. उपाय मांडवातच असे. नवऱ्याच्या पायाखाली आणखी एक पाट सरकवायचा आणि फोटो कमरेपर्यंत घ्यायचा. जुन्या फोटोंत नवरा खुर्चीवर बसलेला आणि नवरी शेजारी उभी दिसते. त्या खुर्चीनं किती उंच्या झाकल्या असतील! विलायतेतही हेच चालतं. 'बॉय ऑन अ डॉल्फिन' ह्या १९५७च्या चित्रपटात नायक अ‍ॅलन लॅड बुटका आणि सोफिया लॉरेन उंच, म्हणून दोघं चालत असताना तिच्यासाठी वाळूत चर खणला होता म्हणतात. आपला पाट त्यापेक्षा स्वस्त.

पण झाकण्याची ही विद्या प्रत्येक ठिकाणी वापरावी का, हा प्रश्न मला न्हावऱ्याच्या बाजूच्या एका वस्तीवर पडला. एका शेतकऱ्यानं मुलीचा स्थळासाठी फोटो काढायला बोलावलं होतं. मुलगी चार फूट दहा इंच, सातवी शिकलेली, डोळ्यांत तेज. बाप मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, पोरगी बुटकी दिसता कामा नये. पैसं दोन जास्तीचं घ्या." काम सोपं होतं. जमिनीवर बसायचं, कॅमेरा गुडघ्याइतका ठेवायचा, शेजारी दार नको, खुर्ची नको, माप लागेल असं काहीच नको. मोकळ्या आभाळावर माणूस केवढंही दिसतं.

मी खाली बसलो, तशी ती म्हणाली, "काका, उभं राहून काढा." बाप ओरडला. ती हळू आवाजात, पण थांबली नाही. "फोटू बघून येतील, मला बघून माघारी जातील. चार माणसांत आईला मान खाली घालावी लागंल. फोटू बघूनच नको म्हणू द्या त्यांना."

मी उठलो. तिला दाराच्या चौकटीत उभी केली. चौकटीपाशी माणसाचं खरं माप दिसतं. कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीवर धरला, दहा फूट मागं सरलो आणि फोटो घेतला. बापानं ठरलेल्यातले निम्मेच पैसे दिले. मी मागितले नाहीत. ते स्थळ जमलं नाही. पुढं एक जमलं, त्यांनी फोटो मागितलाच नाही. ते लोक तिला आठवडी बाजारात बघून गेले होते. स्थळाच्या फोटोसाठी त्या दिवसानंतर मी जमिनीवर बसलो नाही. गिऱ्हाइकं गेली थोडी. असो.

बैलाचं मात्र वेगळं. खिलार बैल विकायचा असला की मालक म्हणे, बसून काढ, हत्तीएवढा दिसू दे. पण घेणारा कच्चा नसतो. त्याला पाठीची रेघ, वशिंड, खांद्याचा भरणा आणि खूर बघायचे असतात. म्हणून कॅमेरा बैलाच्या पोटाच्या मध्याइतका उंच, नजर बरोबर कुशीवर, आणि पुढचे पाय दोन-तीन इंच उंचवट्यावर. एवढ्यानं जनावर ताठ दिसतं आणि खोटंही होत नाही. इथं माझी उंची वरदान! उभ्या-उभ्या जरासं वाकलं की झालं. बैलाइतका अवघड मॉडेल दुसरा नाही. त्याला हसा म्हणता येत नाही, कान टवकारून घ्यायचे तर धन्यानं लांबून पाटी वाजवावी लागते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैलांच्या फोटोंचं कामच बसलं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि पोरं पुन्हा बैलांचे फोटो मोठे करून मागू लागली.

मॉडेल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दौंड तालुक्यात, चौफुल्याला. तिथल्या कलाकेंद्रात लावणीच्या बायकांचे जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते. रंगमंच तीन-साडेतीन फूट उंच, मी खाली. पहिलं रीळ व्हायच्या आत त्यांतली थोरली बाई म्हणाली, "दादा, तिथनं काढू नका. तिथनं सगळी आम्हाला असंच बघत्यात." आणि ती येऊन मंचाच्या काठावर, पाय खाली सोडून बसली. घुंगरू तसेच, नऊवारी तशीच, पण तिचे डोळे आणि माझा कॅमेरा आता एका रेषेत. पाटी धरावी तशी ताठ बसली होती. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दहा फोटोंत तो येतो. जाहिरातीला मात्र मालकानं नाचतानाचाच फोटो घेतला.

शेतातल्या बायकांचे फोटो बहुतेक बांधावरून काढलेले असतात. कांदाकाटणीला बायका विळा घेऊन खाली बसलेल्या, आणि पाहुणा पाच-साडेपाच फुटांवरून बघतो. त्यात पदर दिसतो, पाठ दिसते, कांद्याचा ढीग दिसतो. तोंड दिसत नाही. मी वाफ्यात मांडी घालून बसतो. आधी बायका लाजतात, "ओ, धोतार मळंल," म्हणतात, मग विसरतात. जपानचा ओझू नावाचा दिग्दर्शक घरातल्या प्रसंगांसाठी कॅमेरा असाच खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या पातळीला ठेवायचा. १९५३चा त्याचा 'टोकियो स्टोरी' तसा आहे. ती माणसंही आपल्यासारखी खाली बसून जेवणारी. बसलेल्याकडं बसूनच बघावं, एवढं साधं आहे ते.

आता सुना-मुली मोबाईलवर बाळाचे फोटो काढून लगेच पाठवतात. पाळण्यात वरून काढलेला एखादा ठीक. पण बाळ रांगायला लागलं की तुम्हीही जमिनीवर या. आजी बाजेवर बसली असेल तर समोर पाटावर बसा, मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरा आणि दोन पावलं मागं सरा. फार जवळून नाक मोठं येतं. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो घ्यायचा तर मोबाईल डोळ्याला नको, पोटाशी धरा, माझ्या यशिकासारखा. नव्या कॅमेऱ्यांना मागं दुमडणारी काच येते, तीही ह्याच कामाची. सत्तर वर्षं मागं जाऊन माणसं पुन्हा मान खाली घालून बघायला लागली, ह्याची मला मौज वाटते.

दुकान आता पुतण्या चालवतो. तो सहा फूट. पहिल्या वर्षी त्याला सांगून थकलो, की बाबा, तू वाक. आता सांगावं लागत नाही. त्याच्या सगळ्या पँटी आधी गुडघ्यावर विरतात, आणि माझी वहिनी ठिगळं लावताना मला बोल लावते.