पुढची बास्केट

मंडळी, हल्ली सायकल म्हटलं की लोक व्यायामाचं बोलतात. आमच्या वेळी पुण्यात सायकल घ्यायची ती कामावर जायला आणि सामान आणायला. १९७३ साली मी शाळेत लागले. पगारातली पहिली मोठी खरेदी म्हणजे हिरवी लेडीज सायकल, आणि तिच्या हँडलपुढे लगेच तारेची बास्केट बसवून घेतली.

पुरुषांचा कारभार सगळा मागच्या कॅरिअरवर. दळणाचा डबा, रॉकेलचा कॅन, प्रसंगी गॅसचं सिलिंडरसुद्धा जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून जायचं. पुढची बास्केट ही बायकांची हौस समजली जाई. आमचे धाकटे दीर तर तिला 'फुलांची परडी' म्हणत. (भावोजी, वाचताय ना?)

या परडीतून मी काय नेलं? पेपर! सहामाही-वार्षिकला दोन तुकड्यांचे मिळून सव्वाशे पेपर, पुरवण्यांसकट पाचेक किलो. शाळा कोथरूडला, घर सदाशिव पेठेत. एक पेपर जरी वाटेत उडाला तरी एका मुलाच्या वर्षाचा प्रश्न. मागे बांधलेला गठ्ठा सुटला तर घरी पोचेपर्यंत कळत नाही. पुढे ठेवलेला सतत डोळ्यांसमोर असतो. पावसाळ्यात मी पेपर आमच्या बाळाच्या जुन्या मेणकापडात गुंडाळत असे. स्वतः चिंब व्हायचे, पण पेपरावरची शाई कधी फुटू दिली नाही.

पण पुढच्या ओझ्याचं एक शास्त्र आहे. हँडलला नुसती पिशवी अडकवली तर ती हेलकावे खाते, आणि लांब बंदांची असेल तर चाकाच्या तारांत जाते. बास्केट नुसती हँडलला टांगली तर सगळा भार हँडलवर. तिच्या खालून दोन दांड्या चाकाच्या आसापर्यंत नेल्या की वजन चाकावर उतरतं आणि हात मोकळे होतात. जड वस्तू तळाशी, मधोमध. बटाटे खाली, कोथिंबीर वर, हे काही सांगायला नको. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, मागचा आधी. सर्वांत वाईट वेळ म्हणजे सायकल उभी करण्याची. पुढे वजन असलं की हँडल आपोआप वळतं आणि सायकल कलंडते. म्हणून डबल स्टँड हवा, आणि स्टँडवर लावल्यावर आधी बास्केट रिकामी करायची.

या कलंडण्यावर उपाय असतो हे मला २०१४ साली कळलं. लेक आइंडहोवनला असते, तिच्याकडे तीन महिने राहिले होते. तिच्या सायकलचा पुढचा कॅरिअर हँडलला नव्हताच, सायकलच्या सांगाड्याला पक्का केलेला होता. हँडल वळवलं तरी क्रेट आपला सरळच. पहिल्या दिवशी मला अगदी भोवळ आल्यासारखं झालं! खालच्या बाजूला एक स्प्रिंग होती, ती पुढचं चाक पुन्हा सरळ आणायची. तिथे पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलीही असतात, त्यांत दोन-दोन मुलं बसवून आया शाळेत निघतात. सुटाबुटातला माणूस पुढच्या क्रेटमध्ये कांद्याची पात घालून जाताना पाहिला आणि मला भावोजींची आठवण झाली.

इतिहास शिकवत असे, म्हणून आणखी एक सांगते. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या लढाईसाठी हजारो माणसांनी डोंगरवाटांनी सायकलींवरून धान्य आणि दारूगोळा नेला. एकेका सायकलवर दोनशे किलो आणि त्याहूनही जास्त. पण त्यावर बसून कुणी जात नव्हतं. हँडलला बांबू बांधून शेजारून ढकलत जायचे. वर्गात मी हे सांगितलं की मुलं म्हणायची, "म्हणजे आमचा नारळवाला!" अगदी बरोबर. ओझं जड झालं की उतरून चालावं, सायकल तरीही निम्मं काम करतेच.

आता मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि आम्ही कोथरूडलाच राहतो. यजमानांचे गुडघे गेलेत, तेव्हा भाजी माझ्याकडे. मुलगा म्हणतो, "आई, दहा मिनिटांत दारात येतं सगळं, कशाला जातेस?" त्याची काळजी खोटी नाही. या वयात पडलं तर हाड सांधायला महिने लागतात, आणि मग घरातल्या सगळ्यांचीच परवड. म्हणून सूनबाई आणि मी एक करार केलाय. सकाळी सातच्या आत, आतल्या रस्त्यानं, आणि ओझं चार किलोच्या वर नाही. तांदूळ, तेल, साखर घरपोच. भाजी, फळं आणि औषधं माझी.

एवढ्यासाठी अट्टाहास का, असं वाटेल तुम्हाला. तर भाजीवाली मला नावानं ओळखते आणि यजमानांना चालणारी कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवते. शिवाय हँडल रोज माझ्या हातांची परीक्षा घेतं. चार किलो जड वाटले तर मी तीन करीन. तीनही जड वाटले तर चालत ढकलीन. ढकलणंही जमेना झालं की सायकल सूनबाईच्या हवाली, पण बास्केटसकट, ही माझी अट आहे. तिनं ती मान्य केली आहे.

असो. पावटे आलेत म्हणे. उद्या लवकर निघायला हवं.