कोल्हापूर ते गोंदिया, सरळ रेषेत

नकाशावर कोल्हापूर आणि गोंदिया यांच्यामध्ये पट्टी ठेवली की अंतर भरतं साधारण 820 किलोमीटर. एटीआरसारखं पंख्यांचं विमान ताशी 500 किलोमीटरच्या वेगानं ते पावणेदोन तासांत कापेल. इकडे उजळाईवाडीला धावपट्टी आहे, तिकडे बिरसीला. महाराष्ट्र एक्सप्रेस मात्र याच दोन गावांसाठी 1,300 किलोमीटरांहून जास्त धावते. अख्खा दिवस उलटतो, वर आणखी काही तास जातात, आणि एवढं होऊनही गाडी राज्याची हद्द ओलांडत नाही.

माझ्या मावशीला गोंदियाला दिलेलं. "पोरगी लांब पडली," असं आजी म्हणायची. तिच्या त्या 'लांब'मध्ये किलोमीटर नव्हते. मनमाडचा फलाट होता, रात्र होती, पुरवून खायच्या दशम्या होत्या.

विदर्भात जायचं तर गाडी आधी पाठ फिरवून पुण्याकडे निघते. नागपूरला रूळ पोचले 1867 साली, वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर नेणारे. मिरजेहून कोल्हापूरला आले ते 1891 मध्ये. दोन्ही एकमेकांसाठी टाकलेलेच नव्हते. दौंड-मनमाडच्या मार्गानं त्यांची गाठ पडते, आणि त्या वळशात किती काय भेटतं! ऊस मागे पडतो, जळगावकडे केळीच्या बागा येतात, अकोल्याला काळी जमीन. डब्यात चढणाऱ्यांची बोली बदलत जाते: अहिराणी, मग वऱ्हाडी, आणि वैनगंगा ओलांडली की झाडीबोलीचा तो लांबवलेला, मायेचा हेल. हे सारं ऐकत गेलेल्या माणसाला आपलं राज्य केवढं आहे ते अंगानं कळतं.

सूर्याचा हिशेब आणखी वेगळा. गोंदिया कोल्हापूरच्या पूर्वेला जवळपास सहा अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथली दुपार आपल्याआधी 24 मिनिटं येते. मावशी फोनवर "दिवे लावले गं" म्हणते, तेव्हा आमच्या अंगणात अजून ऊन असतं.

पण मला ओढ लागली आहे ती त्या सरळ रेषेची. पेन्सिलीनं ती ओढली, तर पंढरपूर आणि धाराशिव तिच्या अगदी जवळ आले. लातूरच्या अंगानं वर चढून ती नांदेडला गोदावरी ओलांडते, मग पांढरकवडा, उमरेड. कोल्हापूरहून गोंदियाला गेलेल्या आमच्या घरातल्या कुणीच यातलं एकही गाव वाटेत पाहिलेलं नाही. विमान सुरू झालं तर ते या गावांवरूनच जाईल, ढगांच्या वरून. मला मात्र ती रेषा जमिनीवरून जायची आहे, एसटीनं, गाड्या बदलत, प्रत्येक स्टँडवर उतरून. पहिला मुक्काम पंढरपूरला. मावशीला तसं कळवलंय. किती दिवस लागतील, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लागतील तेवढे.