एक बादली पाणी आणि आपले केस

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलींचं सकाळचं वेळापत्रक बाथरूमच्या रांगेवर ठरतं. मी पेरूगेटजवळच्या एका जुन्या वाड्यात तीन वर्षं राहिले. सहा मुली, एक बाथरूम आणि दारावर घरमालकीण काकूंच्या अक्षरातली पाटी : 'गरम पाणी प्रत्येकी एक बादली. केस धुण्याचा वार आधी सांगावा.' भेटायला येणाऱ्यांना पाटी वाचून हसू यायचं. आम्ही मात्र खरोखरच वार वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला रविवार आला.

केसांचा विषय निघाला की बायका एकमेकींना बाटल्यांची नावं सांगतात. अमक्या शाम्पूने हिचे केस गळायचे थांबले, तमक्या तेलाने तिची वेणी लांब झाली. त्या एका खोलीत मला दिसलं ते असं, की सहा जणींच्या केसांच्या सहा तऱ्हा होत्या आणि एकीचं औषध दुसरीला चालत नव्हतं. परभणीच्या मैत्रिणीचे केस सरळ आणि बारीक. आज धुतले की उद्या संध्याकाळी कपाळाजवळ तेलकट. साताऱ्याच्या मुलीचे केस जाड, लाटदार. तिला चार दिवस धुवायची गरज पडायची नाही. माझे कुरळे, राठ, पावसाळ्यात दुप्पट फुगणारे.

आमच्या घरी दखनी बोलतात. लहानपणी विंचरायला बसवलं की नानी म्हणायची, "बालां हैं के घोसला?" आणि मग त्याच घरट्यात तासभर खोबरेल तेल जिरवत बसायची. चंपी करणारे हे हात आपल्याकडे घरोघरी आहेत. 'शाम्पू' हा शब्दसुद्धा 'चंपी'च्याच कुळातला. पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटनला हमामखाना काढला आणि हा शब्द तिकडच्या लोकांच्या तोंडी रुळवला. नानीच्या मायेत शंका नव्हती, पण त्यात एक समजूतही मुरलेली होती : केस सरळ, चापूनचोपून बसलेले असले, तरच मुलगी नीटनेटकी.

पुण्यात तीच समजूत जरा शहरी भाषेत भेटली. एमपीएससीची मुलाखत जवळ आली तेव्हा एका पार्लरमध्ये मला सांगितलं, "स्मूदनिंग करून घ्या, प्रेझेंटेबल दिसाल." सांगितलेली रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या मेसएवढी होती. मी वाचून पाहिलं. केस सरळ करणाऱ्या काही द्रव्यांमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा गरम इस्त्री फिरवली की ते तयार होतं, आणि ते डोळ्यांना, श्वासाला घातक असतं. शिवाय मुळाशी नवा केस येणार तो कुरळाच. म्हणजे दर काही महिन्यांनी पुन्हा तोच खर्च. मी ते पैसे मेसला दिले आणि मुलाखतीला कुरळे केस मागे बांधून गेले.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. आपली दिनचर्या आपले केस, आपलं पाणी, आपला वेळ आणि आपला खिसा या चार गोष्टी पाहून ठरवावी. यातली पहिली ओळखायला खर्च येत नाही. सुटीच्या दिवशी केस धुवा, तेल किंवा क्रीम काही लावू नका, न विंचरता वाळू द्या आणि मग आरशात पाहा. सरळ, लाटदार की कुरळे, ते तिथेच कळतं. एक गळलेला केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवून पाहा. बारीक की जाड याचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी भांगात बोट फिरवा. बोट तेलकट झालं तर डोक्याची त्वचा तेलकट, पांढरा भुगा आला तर कोंडा. त्वचा आणि केस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. डोक्याची त्वचा जिवंत असते. बाहेर आलेला केस मात्र नखासारखा निर्जीव. त्याला 'पोसता' येत नाही, झिजण्यापासून वाचवता येतं.

म्हणून शाम्पू त्वचेला आणि कंडिशनर केसांच्या टोकांना, हा सगळ्यांसाठी एकच नियम. किती वेळा धुवायचं, ते त्वचेवर ठरवा. तेलकट त्वचा आणि सरळ, बारीक केस असतील तर एक-दोन दिवसाआड धुतले तरी काही बिघडत नाही. सरळ केसांवरून त्वचेचं तेल भराभर खाली उतरतं. कुरळ्या केसांत ते वळणांमध्येच अडतं, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी अशी गंमत होते. अशांना आठवड्यातून एक-दोनदा धुणं पुरतं.

माझा रविवार असा असायचा. धुण्याआधी तासभर खोबरेल तेल, तेही केसांच्या लांबीला, मुळांशी थापून नाही. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुताना त्यातलं जे प्रथिन निघून जातं, ते खोबरेल तेलाने कमी गेलं. कंपनी खोबरेल तेलच विकते, हे ध्यानात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे : खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात. तेलानंतर अर्ध्या बादलीत शाम्पू, मग टोकांना कंडिशनर आणि तो लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवायचा. उरलेल्या पाण्याने धुवायचं. टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती ओढणीत केस दाबून पाणी टिपायचं. वाळल्यावर कुरळे केस विंचरायचे नाहीत, नाहीतर पिंजलेला कापूस होतो. सरळ केसवाल्यांनी उलट करावं : ओला केस जास्त ताणला जातो आणि तुटतो, म्हणून थोडा वाळू देऊन विंचरावा.

पाण्याचंही गणित असतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी आणि उन्हाळ्यात येणारा बोअरचा टँकर यांत फरक आहे. जड पाण्यात अंगाच्या साबणाने डोकं धुतलं तर चिकट थर बसतो. तेव्हा शाम्पूच बरा, नाहीतर शिकेकाई-रिठा. कोंडा असेल तर रात्रभर तेल नको, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावरच वाढते. केटोकोनॅझोलचा शाम्पू डॉक्टरांना विचारून घ्यावा आणि तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवावा. मेहंदीबद्दल आपल्याकडे विशेष सांगायला हवं. खरी मेहंदी लालसर-तांबूस रंग देते. 'काळी मेहंदी' म्हणून जे मिळतं त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते. कानामागे थेंब लावून ४८ तास थांबावं.

स्कार्फचे प्रश्न मला मुली हमखास विचारतात. पुण्यात दुचाकीवरच्या निम्म्या मुली, कुठल्याही धर्माच्या असोत, डोक्यापासून नाकापर्यंत ओढणी गुंडाळून हिंडतात, तेव्हा हे सगळ्यांसाठीच आहे. वुजूच्या मसहने केस भिजत नाहीत, त्याची काळजी नको. पण न्हाल्यावर ओल्या केसांवर कापड बांधलं की खाज आणि वास येतो. आधी वाळू द्या. आतली टोपी सुती असावी आणि वरचेवर धुवावी. अंबाडा इतका घट्ट नको की कानशिलं ओढली जातील. रोजच्या ताणाने तिथले केस कायमचे विरळ होऊ शकतात. हेल्मेटलाही हेच लागू.

एक गोष्ट मात्र कुठल्याही दिनचर्येने सुटत नाही. आमच्यातल्या एकीला डेंगी झाला. अडीच महिन्यांनी तिचे केस मुठीमुठीने जायला लागले. ती केसांचे पुंजके कागदात गुंडाळून रात्री कचऱ्यात टाकायची, म्हणजे कुणाला दिसू नयेत. "टक्कल पडलं तर घरी कशी जाऊ गं?" तिने एकदा अंधारात विचारलं. तिने तीन तेलं आणली, दोन शाम्पू बदलले. शेवटी आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी समजावलं : दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच, मोठा ताप, बाळंतपण, उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम जास्त गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात. रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिनही कमी निघालं. गोळ्या आणि मेसच्या ताटात रोज एक अंडं, एवढंच बदललं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे धीर धरावा लागला.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळून हैराण झाली. सुरुवातीला पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. केस एकाएकी गळू लागले तर बाटली बदलत बसू नये, डॉक्टर गाठावा.

ज्या पेठांत आम्ही राहत होतो, तिथे दीडशे वर्षांपूर्वी नवरा गेला की बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असा निर्धार त्यांनी केला. आज वस्तरा नाही. तरी स्थळ पाहायला येणारे लोक, पार्लरवाली, कधी आपलीच माणसं, मुलीच्या केसांबद्दल तिच्या आधी ठरवतात. झाकायचे की मोकळे सोडायचे, कापायचे की वाढवायचे, हा निर्णय जिचे केस आहेत तिच्याकडे राहावा, असं मला वाटतं.

माझी मामेबहीण यंदा अकरावीसाठी पुण्याला येते आहे. तिचेही केस माझ्यासारखेच. मी तिच्या पिशवीत एक मोठ्या दातांचा कंगवा, खोबरेल तेलाची बाटली आणि माझी जुनी सुती ओढणी घातली आहे. मामी म्हणाली, "शाम्पू कुठला द्यू?" मी म्हटलं, तिथलं पाणी बघून ती घेईल.