गच्चीवरचें ऊन

२०२४ सालच्या मे महिन्यांत आम्हीं पुण्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचीं सहा सौर पॅनेलें बसविलीं. त्याच फेब्रुवारींत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंतून ७८,००० रुपयांचें अनुदान मिळालें. रोज बारा युनिटें वीज मिळूं लागली. पावसाळ्यांत आंकडा घसरला, त्याचें आश्चर्य वाटलें नाहीं.

पण मार्गशीर्षांतल्या स्वच्छ उन्हांतहि तो नवाच्या वर जाईना. वस्तुतः थंडी ह्या यंत्रास मानवते. पॅनेल २५ अंशांहून अधिक तापलें कीं दर अंशामागें उत्पन्न शेंकडा ०.३ ते ०.४ घटतें. कांचा पहांटे साध्या पाण्यानें धुऊन पाहिल्या, तरी आंकडा हलेना.

शेवटीं कारागिरानें दोष दाखविला. नैर्ऋत्येच्या आंब्याची सांवली दुपारनंतर दोन पॅनेलांवर पडत होती. आणि सारीं एकाच माळेंत जोडलेलीं असल्यामुळें त्या दोघांपायीं बाकीचींहि मंदावत होतीं. मे महिन्याच्या मध्यास पुण्यांत सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळें बसवितांना ही सांवली दिसलीच नव्हती. "झाड काढा," असें तो म्हणाला. धाकट्या बंधूंनाहि तें पटलें. आंबा आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं लावलेला; आम्ही गप्प राहिलों.

तेव्हां आई म्हणाली, "अरे, मार्गशीर्षांत सांवली कुठवर येते तें मला आधीं विचारायचें! चाळीस वर्षें मी आवळ्याची सुपारी वाळवायला ईशान्येच्या कोपऱ्यांतच सूप ठेवतें, तें काय उगीच? तीं दोन तिकडे न्या. माझें सूप कुठेंहि मावेल. झाड तोडलें तर पुन्हां उभें राहायचें नाहीं."

दोन्ही पॅनेलें दक्षिणेकडे तोंड करून, पुण्याच्या अक्षांशाइतक्या म्हणजे सुमारें साडेअठरा अंशांच्या उतारानें, तिथें बसविलीं. आंकडा पुन्हां बारावर आला.

वाचकांस आमचें इतकेंच सांगणें आहे, कीं पॅनेलें बसविण्यापूर्वीं बाराहि महिन्यांच्या सांवल्यांचा विचार करावा, आणि गच्चीवर जिचें आयुष्य गेलें तिला आधीं विचारावें. आईचें सूप आतां खिडकीच्या कट्ट्यावर असतें. तिथें ऊन तासभरच येतें. यंदाची सुपारी वाळावयास दुप्पट दिवस लागले. तिनें त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीं. आंब्याला मात्र यंदा मोहोर चांगला आहे.