डोळ्यांना दिसणारा बाण

बांबूची एक लवचीक कामटी आणि हातभर सुतळी एवढे साहित्य मिळाले, की खेड्यातल्या कोणत्याही मुलाचे धनुष्य तयार होते. माणसाने फार प्राचीन काळी केलेली जी थोडी साधने आजही वापरात आहेत, त्यांत धनुष्याची गणना करावी लागेल. मराठीत धनुष्यबाणाला ‘तीरकामठा’ असा एक सुरेख शब्द आहे. तो उच्चारताना बांबूचा ताण जणू कानाला जाणवतो. अशा या जुन्या घराण्यात गेल्या साठ वर्षांत एक नवे अपत्य वाढले, आणि तेव्हापासून घरात कुरबुर सुरू झाली. ती कुरबुर मी प्रत्यक्ष ऐकली ती आपल्या शेजारच्या भूतान देशात. परंतु ती समजावयाची, तर आधी त्या नव्या अपत्याची ओळख करून घ्यावयास हवी.

त्याचे नाव कंपाउंड धनुष्य. अमेरिकेच्या मिझूरी राज्यातील अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने ते तयार केले, १९६६ साली त्याच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस ते त्याला मिळाले. साधे धनुष्य ओढताना काय होते ते आठवून पाहा. दोरी जितकी मागे यावी, तितका जोर अधिक लागतो. बाण सोडण्यापूर्वीचा जो क्षण, ज्या क्षणी मन आणि हात दोन्ही स्थिर हवेत, नेमका त्याच क्षणी भार सर्वांत जास्त असतो. म्हणून दंड थरथरतो, श्वास अडखळतो. अ‍ॅलनने धनुष्याच्या टोकांना चाके बसवली. विहिरीवर पोहरा ओढावयास कप्पी असते, तशीच ही चाके. मात्र त्यांचा आस मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेला. त्यामुळे दोरी ओढताना भार प्रथम वाढतो आणि ताण पूर्ण होत आला, की एकाएकी उतरतो. धनुष्य ६० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७ किलो भाराचे असले, तरी पूर्ण ताणल्यावर त्याचा पाचवा हिस्सा, साडेपाच किलोच्या आसपास भार हाताला जाणवावा, अशी कंपाउंड धनुष्ये आज मिळतात. शिवाय नेम धरण्यासाठी भिंग असते. धनुष्य कलले की काय हे दाखवण्यासाठी गवंड्याच्या पाणसळीत असतो तसला बुडबुडा असतो. आणि दोरीला बोट न लावता खटका दाबून बाण सोडता येतो.

बोटांनी दोरी ओढणाऱ्या जुन्या तिरंदाजांना हे रुचले नाही. अमेरिकेत १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याने हरणांची शिकार करणाऱ्यांसाठी वेगळा हंगाम ठेवला. पुढे इतर राज्यांनीही तसे केले. धनुष्याने शिकार साधणे कठीण, म्हणून त्या हंगामात थोडेच लोक रानात येत. कंपाउंड आले आणि रानात गर्दी झाली. ‘हे धनुष्यच नव्हे!’ असे जुने शिकारी म्हणू लागले. गंमत अशी, की त्यानंतर बंदुकीसारखा दस्ता असलेले आडवे धनुष्य त्याच हंगामात शिरू लागले, तेव्हा ‘हे धनुष्यच नव्हे!’ अशी तक्रार कंपाउंडवाल्यांनी केली. असो. शिकारीच्या हंगामाचे ते भांडण माझ्या मनाला फारसे भिडले नाही. भूतानातले भिडले, कारण तेथे प्रश्न हरणांचा नव्हता. साऱ्या गावाच्या खेळाचा होता.

तिरंदाजी हा भूतानचा राष्ट्रीय खेळ आहे. १९७१ साली त्या देशाचा संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश झाला, त्याच वर्षी या खेळाला हा मान देण्यात आला. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भूतानने प्रथमच खेळाडू पाठवले. ते होते सहा, तिघे पुरुष आणि तिघी स्त्रिया, आणि सहाही तिरंदाज! ऑलिंपिकमध्ये लक्ष्य ७० मीटरवर असते. भूतानच्या परंपरागत खेळात ते सुमारे १४५ मीटरवर, म्हणजे दुपटीहून लांब असते. आणि लक्ष्य तरी केवढे? जमिनीत रोवलेली, मीटरभर उंचीची आणि वीतभराहून थोडी अधिक रुंद अशी एक रंगवलेली फळी! एवढ्या अंतरावरून ती फळी मला तरी दात कोरावयाच्या काडीएवढी दिसली.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही काही निवृत्त शिक्षक भूतानला गेलो होतो. थिंफू या राजधानीत चांगलीमिथांग नावाचे मैदान आहे. १८८५ साली तेथे झालेल्या लढाईने देशातील यादवीला विराम मिळाला. आता तेथे क्रीडांगण आहे, आणि त्याला लागूनच तिरंदाजीची जागा. आम्ही गेलो तेव्हा कंपाउंड धनुष्यांचा सामना चालू होता. गुडघ्यापर्यंतचा ‘घो’ हा आपला राष्ट्रीय पोशाख घातलेले खेळाडू हातात परदेशी, चाकाचाकांची धनुष्ये घेऊन उभे होते. धनुष्याचा आवाज होई, आणि बाण काही दिसत नसे. मी चष्मा पुसून पाहिला. माझा एक सोबती माझ्याहून बराच धाकटा. त्यालाही दिसला नाही. क्षण-दोन क्षणांत पलीकडच्या टोकाला ‘ठक्’ असा आवाज व्हायचा, अन् खेळाडू हात उंचावून संथ पावलांनी नाचू लागायचे, तेव्हा नेम लागला असे आम्हांस कळायचे. ज्याचा बाण लागे, त्याच्या कमरेला रंगीत वस्त्र खोवले जाई. नेमबाजी अचूक होती, यात शंका नाही.

तीन दिवसांनी पारोच्या खोऱ्यात, भाताची कापणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतांच्या कडेला, आम्ही दुसरा सामना पाहिला. हा बांबूच्या धनुष्यांचा होता. ही धनुष्ये बांबूच्या दोन पट्ट्या मुठीपाशी जोडून केलेली असतात. बाणही बारीक बांबूचे, मागे पिसे लावलेले. दोन्ही टोकांना एकेक लक्ष्य असते. प्रत्येक खेळाडू दोन बाण मारतो, मग सारे पलीकडे चालत जातात आणि तेथून उलट दिशेने मारतात. पहिला बाण सुटला, आणि तो मला दिसला! तो उंच चढला, निळ्या आभाळात थोडा तरंगल्यासारखा झाला आणि वाकून खाली येऊ लागला. मी मनाशी मोजले: एक, दोन, तीन, आणि चार म्हणण्याच्या आत तो मातीत रुतला होता.

या तीन-साडेतीन सेकंदांत त्या मैदानावर काय काय घडले म्हणून सांगू! मारणाऱ्याच्या बाजूचे लोक बाणाला हाका घालू लागले, जणू तो वाट चुकलेला वासरू होता. विरुद्ध बाजूचे लोक चक्क लक्ष्यापाशी उभे होते. ते ओरडून त्याला सांगत होते, की तुझा बाण लांब चालला, तुझ्या हातात जोर नाही, घरी जा. बाण जवळ येताच ते हसत हसत बाजूला सरले. बायकांचा एक घोळका तालावर गात आणि नाचत होता. तो काय गातो आहे, असे मी आमच्या वाटाड्याला हिंदीतून विचारले. तो लाजून म्हणाला, “सर, त्या पलीकडच्या खेळाडूच्या नाकाची थट्टा करताहेत.”

मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवली. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा दिसतो, असे सांगणारा अर्जुन तुम्हांला ठाऊकच आहे. भूतानच्या या मैदानावर मात्र तिरंदाजाला लक्ष्याशिवाय बाकी सारे दिसावे आणि ऐकू यावे, म्हणून निम्मे गाव राबत असते. त्या गलबल्यातही ज्याचा नेम लागतो, तो खरा तिरंदाज. अर्जुन येथे उतरला असता, तर त्याला थोडा सराव करावा लागला असता, असे मला वाटते.

खेळणाऱ्यांत सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते. आपली पाळी येण्याची वाट पाहत ते बांधावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. वाटाड्याने, हे भारतातले गुरुजी आहेत, असे सांगताच त्यांनी आपले धनुष्य माझ्या मांडीवर ठेवले. मी दोरी ओढून पाहिली. ती वीतभर मागे आली आणि तेथेच थांबली. आजोबा खूप हसले.

थिंफूचा सामना कसा वाटला, असे त्यांनीच विचारले. मी म्हणालो, “फार अचूक, पण बाण दिसला नाही.” एवढे ऐकताच ते मोकळेपणाने बोलू लागले. “हेच! हेच मी मुलांना सांगतो. बाण दिसला नाही, तर माणसे कशाला ओरडतील? बायका कोणाकडे पाहून गातील? आमच्या वेळी लक्ष्यापाशी उभे राहून चिडवायचे आणि बाण आला की बाजूला व्हायचे. त्या नव्या बाणापुढून कोण बाजूला होणार? तो दिसेपर्यंत येऊन गेलेला असतो.” मग थोडे थांबून म्हणाले, “माझे धनुष्य मोडले, तर मी बांबूच्या बेटात जातो. कोणता बांबू घ्यावा हे मला वडिलांनी दाखवले. त्यांच्या धनुष्याचे चाक बिघडले, तर ते परदेशी पत्र लिहितात. आणि त्याची किंमत! तेवढ्यात आमच्या घरी गायी येतील.” कंपाउंड धनुष्य आणि त्याचा सारा सरंजाम यांची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते, हे खरेच आहे.

सर्वांत बोचणारी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. नव्या धनुष्यावर हात बसलेली मुले बांबूच्या धनुष्याला म्हाताऱ्यांचा खेळ म्हणतात. “त्यांनी ते धनुष्य घ्यावे,” आजोबा म्हणाले, “पण आमच्या खेळाला मागासलेला का म्हणावे? आमचा खेळ अवघड आहे, मागासलेला नाही.”

नव्या धनुष्याची बाजूही ऐकली पाहिजे. थिंफूच्या मैदानावर कचेरीत काम करणारा एक तरुण आम्हांला भेटला होता. तो म्हणाला, “सर, वीतभर रुंदीच्या फळीवर दीडशे पावलांवरून नेम धरायचा, चाके लावली म्हणून तो आपोआप लागत नाही. कामावरून सुटलो की रोज अंधार पडेपर्यंत मी सराव करतो.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. यंत्राने हातावरचा भार हलका केला, तरी मनावरचा केला नाही. पारंपरिक धनुष्यांच्या स्पर्धा भूतानात वेगळ्या भरवल्या जातात, आणि ते मला योग्य वाटते. दोघांना एकाच मापाने मोजावयास गेले, की एकाचा अपमान ठरलेलाच.

आणि मी महाराष्ट्रातला मनुष्य. कंपाउंडला नावे ठेवणे मला तसे कठीणच होते. त्याच वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली होती. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण! त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांत सुवर्णपदक मिळवले, ते १५० पैकी १५० गुण घेऊन. दोघेही कंपाउंडचे खेळाडू. त्या स्पर्धेत ५० मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते, त्याचा व्यास केवळ ८ सेंटिमीटर. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडला प्रथमच स्थान मिळणार आहे, तेही स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांच्या स्पर्धेत.

अदितीची हकिकत मी आजोबांना सांगितली. त्यांनी ती वाटाड्याकडून दोनदा ऐकून घेतली. “सतरा वर्षांची मुलगी?” त्यांनी विचारले. “पंधरा बाणांत एकच गुण गेला? मग ती चांगली तिरंदाज आहे. तिला म्हणावे, एकदा इकडे ये. आमच्या बायका तिच्यावर गाणे रचतील. ते ऐकत ऐकत बाण मार म्हणावे!”

मग त्यांनी आपला उजवा खांदा चोळला. तो वर्षभर दुखत होता. त्यांच्या मुलाने थिंफूहून एक कंपाउंड धनुष्य आणून घरी ठेवले होते. ते ओढावयास सोपे, म्हणून आता तेच वापरा, असा त्याचा आग्रह होता. त्यांच्या वयाच्या दोघा गड्यांनी खांद्याच्याच कारणाने बांबू सोडला होता. नवे धनुष्य नसते, तर त्यांना खेळच सोडावा लागला असता, हे आजोबांनी आपणहून कबूल केले. “मी ते एकदा ओढून पाहिले,” ते म्हणाले. “फार सोपे आहे.” आणि एवढे बोलून गप्प झाले. ते त्याकडे वळणार होते की नाही, हे मी विचारले नाही.

इतक्यात त्यांच्या नावाची हाक आली. ते उठले, घोचा पदर मागे सारला आणि रेषेवर उभे राहिले. पलीकडून थट्टेचा एकच कल्लोळ उठला. बहुधा त्यांच्या वयावरून असावा, कारण ते स्वतःही हसले. पहिला बाण लांब गेला. दुसरा सोडताना त्यांचा खांदा थोडा वाकला. बाण वर चढला, तरंगला, आम्ही सर्वांनी माना वर करून तो पाहिला, आणि तो फळीच्या अलीकडे मातीत उभा राहिला. लक्ष्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने एक बाण आडवा धरून अंतर मोजले. बाणाच्या लांबीइतक्या अंतराच्या आत रुतला, तर एक गुण मिळतो. त्याने मोजून दोन्ही हात वर केले.